मिनीडिस्क डेक : तुलना आणि संग्रह (प्रस्तावना)

मिनीडिस्क हे सोनी कंपनीने मे १९९१ मध्ये जाहीर केलेले आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये जपानच्या बाजारात आणलेले ध्वनिमुद्रणाचे माध्यम होय. ६४ मिलिमीटर व्यासाची एक तबकडी प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत कायमची बंद केलेली, असे त्याचे बाह्य रूप होते. कॅसेटप्रमाणे घरच्या घरी मुद्रण करता यावे, पुसून पुन्हा करता यावे, आणि तरीही सीडीप्रमाणे हव्या त्या गाण्यावर क्षणात जाता यावे, या अपेक्षा एकाच वस्तूने पुऱ्या कराव्यात असा त्यामागचा हेतू होता. १९९२ मध्येच फिलिप्सने डिजिटल कॉम्पॅक्ट कॅसेट ही प्रतिस्पर्धी पद्धत बाजारात आणली, परंतु १९९६ पर्यंत तिचा शेवट झाला. मिनीडिस्कने मात्र जपानात घराघरांत जागा मिळवली, ब्रिटनमध्ये आणि युरोपच्या काही भागांत निष्ठावंत ग्राहक जोडले, तर अमेरिकेत तिचा प्रसार शेवटपर्यंत मर्यादित राहिला. भारतीय बाजारात ती कधी रुजली नाही. येथे कॅसेटचा अंमल दीर्घकाळ टिकला आणि तो ओसरू लागला तेव्हा लोक सीडीकडे व एमपीथ्रीकडे वळले, त्यामुळे मराठी वाचकाला हे माध्यम बहुधा ऐकूनच ठाऊक असते. म्हणून या पुस्तकात यंत्रांच्या तुलनेकडे वळण्यापूर्वी मूळ रचनेची ओळख करून देणे आवश्यक ठरते, आणि ते काम या प्रस्तावनेकडे आहे.

डेक म्हणजे घरातील विजेवर चालणारे, ॲम्प्लिफायरला जोडून संगीतसंचात ठेवायचे यंत्र. खिशात मावणाऱ्या मिनीडिस्क यंत्रांभोवती आज जे आकर्षण दिसते त्याच्या तुलनेत डेककडे संग्राहकांचे लक्ष उशिरा वळले, याचे एक कारण डेकचे रूप आहे: काळी, रुपेरी किंवा सोनेरी आयताकृती पेटी, पुढे एक फट, एक प्रकाशमान पट्टी आणि बटणांची रांग. तथापि मिनीडिस्कची खरी क्षमता समजून घ्यायची असेल तर डेकशिवाय पर्याय नाही. खिशातल्या मुद्रण करणाऱ्या बहुसंख्य यंत्रांत डिजिटल स्वरूपात आवाज आत घेण्याची सोय होती, पण तो त्याच स्वरूपात बाहेर देण्याची सोय नव्हती; अनेक डेकमध्ये मात्र प्रकाशतंतूच्या केबलने डिजिटल संकेत बाहेर काढता येतो, आणि जुनी मुद्रणे आणखी एका ॲनालॉग रूपांतरणातून न नेता संगणकावर उतरवायची असतील तर ही एक जोडणी पुष्कळ काही ठरवते.

कोरी मिनीडिस्क चुंबक-प्रकाशीय तत्त्वावर चालते, म्हणजे तिच्यावर लिहिण्यासाठी उष्णता आणि चुंबकीय क्षेत्र या दोहोंची गरज लागते आणि वाचण्यासाठी केवळ प्रकाश पुरतो. तबकडीवर टर्बियम, लोह आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. खालून लेझरचा किरण त्या थरातील एक सूक्ष्म ठिपका सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. या तापमानाला, ज्याला क्यूरी बिंदू म्हणतात, थर आपले पूर्वीचे चुंबकत्व सोडून देतो, आणि वरून तबकडीला टेकलेल्या चुंबकीय हेडने त्या क्षणी जी दिशा दिली असेल ती दिशा थंड होताना धारण करतो. वाचताना लेझरची शक्ती कमी ठेवली जाते आणि परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणाची पातळी कोणत्या बाजूला किंचित कलली आहे, यावरून शून्य आणि एक ओळखले जातात. कंपन्यांनी विकलेल्या, संगीत आधीच छापलेल्या मिनीडिस्क यापेक्षा वेगळ्या असतात. त्यांत सीडीप्रमाणे खळगे असतात आणि हेडची गरजच नसते. दोन्ही प्रकार हातात घेऊन सरकते झाकण उघडले की फरक डोळ्यांना दिसतो: मुद्रण करता येणाऱ्या तबकडीचे झाकण दोन्ही बाजूंनी उघडते, कारण खालून लेझरला आणि वरून हेडला वाट हवी असते, तर छापील तबकडीचे झाकण एकाच बाजूला असते.

एवढ्या लहान तबकडीवर ७४ मिनिटांचे संगीत बसवण्यासाठी सोनीने ॲट्रॅक ही ध्वनिसंकोचनाची पद्धत विकसित केली. सीडीवरील संगीत दर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट एवढी जागा घेते, तर ॲट्रॅक तेच संगीत दर सेकंदाला सुमारे २,९२,००० बिटांत, म्हणजे जवळपास पंचमांशात बसवते. त्यासाठी आवाज प्रथम तीन वारंवारता-पट्ट्यांत विभागला जातो, प्रत्येक पट्टीचे लहान कालखंडांत गणिती विश्लेषण होते, आणि मोठ्या आवाजाच्या छायेत जे बारीक आवाज मानवी कानाला ऐकू येण्याची शक्यता नसते त्यांना कमी बिट दिले जातात किंवा ते वगळले जातात. वगळलेले पुन्हा मिळत नाही. तबकडीवरून वाचनाचा वेग मात्र सीडीएवढाच ठेवलेला असल्यामुळे यंत्र गरजेपेक्षा जवळजवळ पाचपट वेगाने माहिती आत घेऊन स्मृतीत साठवते आणि तेथून सावकाश खर्च करते. चालताना धक्का बसला तरी गाणे तुटत नाही याचे कारण हेच, आणि तबकडीवर विखुरलेले तुकडे जोडून सलग ऐकवता येतात याचेही कारण हेच.

या ठिकाणी पुस्तकाचा मध्यवर्ती विचार मांडला पाहिजे. ॲट्रॅकमध्ये तबकडीवर साठवण्याचे स्वरूप ठरलेले होते, पण त्या स्वरूपात ध्वनी बसवताना कोणत्या आवाजाला किती बिट द्यायचे हा निर्णय मुद्रण करणाऱ्या यंत्रातील चिपवर सोपवलेला होता. परिणामी स्वरूप न बदलता ही निर्णयशक्ती वर्षानुवर्षे सुधारत गेली. पहिल्या पिढीच्या यंत्रांत झांजेच्या कडेला, टाळ्यांच्या कडकडाटात किंवा वाद्याच्या विरत जाणाऱ्या अंशात जाणवणारी खरखर आणि चुरचुर १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ कमी झाली. ॲट्रॅक ४ आणि ४.५ या आवृत्त्यांपर्यंत बहुतेक श्रोत्यांची तक्रार मिटली, आणि दशकाच्या अखेरीस आलेल्या टाइप-आर या आवृत्तीने बिटवाटप अधिक काटेकोर केले. याचा अर्थ असा की १९९३ साली केलेले मुद्रण २००२ सालच्या उत्तमोत्तम डेकवर ऐकले तरी त्यातील उणीव राहतेच, आणि उलट, टाइप-आर डेकवर केलेले मुद्रण एखाद्या जुन्या, साध्या यंत्रावरही आपला चांगुलपणा बराचसा टिकवते. मिनीडिस्क डेकची तुलना म्हणूनच मुख्यतः लिहिणाऱ्या यंत्राची तुलना असायला हवी. खरेदीसाठी लिहिलेल्या अनेक वर्णनांत ध्वनीची ऊब, पेटीचे वजन आणि पुढच्या पट्टीची जाडी यांना जे महत्त्व दिले जाते ते या दृष्टीने दुय्यम आहे. ज्या डेकने मुद्रण केले त्याची पिढी ही त्या मुद्रणाची जन्मखूण असते.

या निकषावर सोनीचीच यंत्रे लावून पाहिली तर एक स्पष्ट क्रम दिसतो. एमडीएस-जेई५२० आणि त्याहून वरच्या दर्जाचा एमडीएस-जेबी९२० हे डेक ॲट्रॅक ४.५ च्या काळातले, तर त्यांचे वारस जेई५३० आणि जेबी९३० हे टाइप-आर घेऊन आले. जेई मालिका मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यातील होती. जेबी मालिकेत बांधणी अधिक भक्कम, डिजिटल जोडण्या अधिक आणि वेग कमी-जास्त करण्यासारख्या सोयी होत्या. आणि त्यांच्याही वर जेए या अक्षरांनी सुरू होणारी ईएस मालिका होती, जिच्यातील जेए५५५ईएस हा डेक आजही अनेक संग्राहकांच्या यादीत पहिला असतो. त्याची बांधणी खरोखर देखणी आहे आणि अंक-ध्वनी रूपांतरण करणारा भागही मोलाचा आहे. तरीही ज्याला केवळ उत्तम मुद्रण हवे आहे त्याला टाइप-आर असलेला एखादा जेई५३० त्या उद्दिष्टाच्या फार जवळ नेऊन ठेवतो, कारण डिजिटल केबलने मुद्रण करताना निर्णय घेणारी चिप त्याच पिढीची असते. किंमत आणि गुणवत्ता यांच्यातील ही दरी संग्राहकाने डोळसपणे पाहावी.

सोनीखेरीज शार्प, केनवूड, पायोनियर, ओंक्यो, यामाहा, डेनॉन, जेव्हीसी आणि टॅस्कॅम यांनीही डेक बनवले. त्यांपैकी शार्पचे वेगळेपण असे की त्या कंपनीने ॲट्रॅकच्या स्वतःच्या चिप विकसित केल्या आणि आवृत्त्यांना स्वतःचे क्रमांक दिले, त्यामुळे शार्पची सहावी आवृत्ती सोनीच्या ४.५ या आवृत्तीच्या पुढची आहे असे केवळ आकड्यांवरून ठरवणे चूक होईल. व्यावसायिक वापरासाठीची यंत्रे ही स्वतंत्र शाखा मानली पाहिजे. रेडिओ केंद्रे आणि नाट्यगृहे यांना जगात अनेक ठिकाणी मिनीडिस्क उपयोगी पडली, कारण एक तुकडा वाजवून आपोआप थांबायचे आणि पुढचा तुकडा तयार ठेवायचा, हे काम ती टेपपेक्षा कितीतरी सफाईने करते. अशा ठिकाणांसाठी रॅकमध्ये बसणारे, संतुलित जोडण्या असलेले सोनीचे एमडीएस-ई१२ किंवा टॅस्कॅमचे एमडी-३५० असे डेक निघाले. यामाहाचे एमडी४, टॅस्कॅमचे ५६४ आणि सोनीचे एमडीएम-एक्स४ ही यंत्रे मात्र चार स्वतंत्र मार्गांवर मुद्रण करणारी होती आणि त्यासाठी १४० मेगाबाइट क्षमतेची एमडी डेटा नावाची वेगळी तबकडी लागे, जिच्यावर चार मार्गांचे ३७ मिनिटांचे मुद्रण मावे. ती तबकडी आज कोऱ्या स्वरूपात मिळणे दुर्मीळ झाले असल्यामुळे ही यंत्रे घेण्यापूर्वी तबकडीचा शोध आधी घ्यावा.

सन २००० मध्ये एमडीएलपी ही दीर्घमुद्रणाची सोय आली आणि तुलनेत एक नवी सीमारेषा पडली. ॲट्रॅक३ या वेगळ्या संकोचन पद्धतीचा आधार घेऊन ८० मिनिटांच्या तबकडीवर एलपी२ मध्ये १६० आणि एलपी४ मध्ये ३२० मिनिटे बसवता येऊ लागली. हे स्वरूप जुन्या डेकना वाचता येत नाही, परंतु रचनाकारांनी त्याची सुसंस्कृत तजवीज केली होती: नव्या यंत्राने असे मुद्रण करताना शीर्षकाच्या आरंभी एलपी ही खूण घालावी, जुन्या डेकने ती पट्टीवर दाखवावी आणि आवाजाच्या जागी गोंगाट न करता शांतता वाजवावी. वापरलेला डेक विकत घेणाऱ्या पुष्कळांना ही शांतता म्हणजे बिघाड वाटते, वास्तविक डेक सांगितलेले काम चोख करत असतो. जेबी९४० आणि जेई६४० हे या सीमारेषेनंतरचे, तर जेबी९८० हा त्यानंतरच्या टाइप-एस पिढीचा डेक. टाइप-एसचा लाभ मुख्यतः दीर्घमुद्रणाच्या प्रकारांना आहे, साध्या स्टीरिओ मुद्रणासाठी टाइप-आर पुरेसा आहे. २००४ मध्ये आलेले हाय-एमडी हे स्वरूप, ज्यात असंकुचित ध्वनी साठवता येत होता, प्रामुख्याने खिशातल्या यंत्रांपुरते राहिले, म्हणून या पुस्तकाच्या कक्षेत त्याचा उल्लेख प्रसंगोपात्तच येतो.

डेकची ओळख पटवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे संपादनाची पद्धत. तबकडीच्या आतल्या कडेला अनुक्रमणिका असते. तीत प्रत्येक गाणे कोठे सुरू होते, कोठे संपते आणि त्याचे नाव काय, हे लिहिलेले असते. गाणे दोन भागांत तोडणे, दोन गाणी जोडणे, क्रम बदलणे, पुसणे या सर्व क्रियांत मूळ ध्वनीला हात लागत नाही, केवळ या अनुक्रमणिकेतील नोंदी बदलतात, आणि म्हणूनच त्या काही क्षणांत उरकतात. एका तबकडीवर जास्तीत जास्त २५५ गाण्यांची नोंद राहू शकते. नावे लिहिण्यासाठी रोमन अक्षरे आणि जपानी लिप्यांची तरतूद होती. देवनागरीची नव्हती, त्यामुळे मराठी किंवा हिंदुस्तानी संगीत साठवणाऱ्याला राग, ताल आणि गायकाचे नाव रोमन अक्षरांत, तेही चकती फिरवून एकेक अक्षर निवडत, लिहावे लागे. पुढच्या काही डेकवर संगणकाचा कळफलक जोडण्याची खाच आली आणि हे कष्ट कमी झाले. मुद्रण थांबवल्यावर पट्टीवर अनुक्रमणिकेची खूण लुकलुकत राहते, आणि अनेक डेकमध्ये तबकडी बाहेर काढेपर्यंत किंवा यंत्र बंद करेपर्यंत नव्या नोंदी स्मृतीतच असतात. त्या अवस्थेत वीज गेली तर ध्वनी तबकडीवर असूनही डेकच्या लेखी तो नसतो. ज्या प्रदेशात वीजपुरवठ्याचा भरवसा नाही तेथे मुद्रण संपताच तबकडी बाहेर काढण्याची सवय लावून घेणे अगत्याचे आहे.

संग्रहाचा प्रश्न मुख्यतः यंत्राच्या प्रकृतीचा आहे. डेकमध्ये सर्वांत आधी थकतो तो लेझर, आणि त्यातही लिहिण्याची शक्ती वाचण्याच्या शक्तीच्या आधी जाते. म्हणून विक्रेत्याने गाणे वाजवून दाखवले एवढ्यावर समाधान मानणे योग्य नाही, कोऱ्या तबकडीवर मुद्रण करून, ती बाहेर काढून, पुन्हा आत घालून आणि शक्य तर दुसऱ्या यंत्रावर वाजवून पाहावी. सोनीच्या डेकमध्ये मुद्रण न जमल्यास सी१३ आणि अनुक्रमणिका वाचता न आल्यास सी१४ असे संकेत पट्टीवर येतात. सी१३ दिसला म्हणजे लेझर संपलाच असे नव्हे. भिंगावरची धूळ, सरकत्या पट्टीवरचे घट्ट झालेले ग्रीस किंवा वाकलेले मुद्रण हेड यांपैकी काहीही कारण असू शकते. हेड एका अत्यंत पातळ पात्याच्या टोकाला असते आणि अडकलेली तबकडी ओढून काढण्याच्या घाईत ते वाकते किंवा तुटते. असा डेक छापील तबकड्या आणि जुनी मुद्रणे नीट वाजवत राहतो, फक्त लिहीत नाही, आणि याच कारणाने तो बाजारात निर्दोष म्हणून फिरत राहतो.

जाणकार संग्राहक एक पाऊल पुढे जातात. सोनीच्या अनेक डेकमध्ये दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक चाचणी-अवस्था ठेवलेली आहे. ठरावीक बटणे दाबून धरून डेक विजेला जोडला की ती उघडते, आणि तेथे लेझर किती तास मुद्रणात व वाचनात चालला, किती चुका झाल्या यांच्या नोंदी दिसतात. लेझरला लागणारा विद्युतप्रवाह किती हेही काही यंत्रांत पाहता येते, आणि यंत्रणेवर चिकटवलेल्या लेबलावरील कारखान्यातील मूळ आकड्याशी त्याची तुलना केली तर झीज किती झाली याचा अंदाज बांधता येतो. मात्र याच अवस्थेत तासांची नोंद शून्यावर आणण्याची सोयही आहे, कारण नवा भाग बसवल्यावर ती शून्य करणे दुरुस्ती करणाऱ्याला आवश्यक असते; तेव्हा कमी तास दाखवणारा डेक कमी चाललेला असेलच असे नाही, आणि लेबलाशी केलेली तुलना त्याहून अधिक विश्वसनीय ठरते. या अवस्थेतील समायोजनाच्या नोंदींना मात्र पुरेशा माहितीशिवाय हात लावू नये, कारण एक आकडा बदलल्याने वाचणारा डेकही वाचेनासा होतो.

वापरलेल्या डेकचा सर्वांत मोठा साठा अर्थातच जपानात आहे. तेथील जुन्या मालाच्या दुकानांत चाचणी न केलेल्या किंवा बिघडलेल्या यंत्रांवर जंक अशी चिठ्ठी असते आणि ती अत्यल्प किमतीत मिळतात. त्यांत उत्तम डेकही असतात. भारतात आणताना लक्षात ठेवायची गोष्ट अशी की जपानमधील वीजपुरवठा १०० व्होल्टचा आणि आपला २३० व्होल्टचा आहे, त्यामुळे पुरेशा क्षमतेचा उतरता ट्रान्सफॉर्मर मध्ये लावल्याशिवाय तो डेक भिंतीच्या सॉकेटला जोडणे म्हणजे तो जाळणे होय. जड डेक पाठवताना त्याची यंत्रणा आतल्या आत हिंदकळते, म्हणून पेटीभोवती सर्व बाजूंनी भरपूर गादी हवी आणि आत तबकडी राहिलेली नसावी, हे विक्रेत्याला आवर्जून लिहून कळवावे.

डेक कितीही चांगला जपला तरी त्याला तबकडी हवी. सोनीने मिनीडिस्क यंत्रांची विक्री २०१३ मध्ये थांबवली आणि मुद्रण करता येणाऱ्या तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले. आता संग्राहकाची भिस्त जुन्या साठ्यावर आणि वापरलेल्या तबकड्यांवर आहे. उत्पादकांनी दहा लाख वेळा पुनर्मुद्रणाची ग्वाही दिलेली असल्यामुळे वापरलेली तबकडी तांत्रिकदृष्ट्या कोऱ्या तबकडीहून फारशी उणी नसते, आणि म्हणूनच त्या शेकड्यांच्या गठ्ठ्यांनी विकल्या जातात. परंतु त्या रिकाम्या नसतात. त्यांवर जपानी घरांतून उतरवलेले रेडिओचे कार्यक्रम, भाड्याने आणलेल्या सीडी, शाळेच्या वाद्यवृंदाची तालीम, कोणाचे तरी बोलणे असे काहीही असू शकते, आणि पाठीवरच्या लेबलावर पेनाने लिहिलेल्या चार अक्षरांखेरीज त्याचा दुसरा पुरावा कोठेही नसण्याचा संभव असतो. रेडिओवरून टिपलेले कित्येक कार्यक्रम प्रसारण करणाऱ्यांनीही जपलेले नसतात. म्हणून या पुस्तकात प्रत्येक डेकच्या परिचयात डिजिटल निर्गमाची नोंद ठळकपणे दिली आहे, आणि गठ्ठ्यातली तबकडी पुन्हा वापरायला घेण्यापूर्वी ती एकदा पूर्ण ऐकावी, जपण्याजोगे काही असल्यास प्रकाशतंतूच्या केबलने संगणकावर उतरवून घ्यावे, असा आग्रह धरला आहे. केबलने उतरवण्याच्या या कामाला तबकडीच्या लांबीइतकाच वेळ लागतो. ज्यांनी घाईने ‘सर्व पुसा’ हे बटण आधीच दाबले आहे त्यांनी त्या तबकडीवर पुढे काहीही मुद्रित करू नये. या क्रियेत केवळ अनुक्रमणिका कोरी होते, ध्वनी नवे मुद्रण होईपर्यंत जागच्या जागी राहतो, आणि तो परत वाचण्यासाठी अनुक्रमणिका नव्याने बसवण्याची रीत दुरुस्तीच्या प्रकरणात दिली आहे.